प्रॉम्प्टरची वही

नाटक आफ्रिकान्समधलं.
शांबा मास्तरांचा मेव्हणा बोटीवर.
केप टाउनला बोट दुरुस्तीसाठी अडकली तेव्हा
त्याने ते पाहिलं, एक अक्षर न कळता,
आणि पुस्तक घेऊन आला
अत्तराच्या दोन बाटल्यांमध्ये गुंडाळून.
मास्तर दोन वर्षं शब्दकोशाशी भांडले.

पात्रं सहा, सगळी पंधरा-सोळाची.
वसतिगृह. सातवी खाट रिकामी.
सातवा धरणात बुडालाय पडदा उघडायच्या आधीच,
आणि सहाही जणांना माहीत आहे
तो रात्री पाण्यात का उतरला.

धरणाची मास्तरांनी खाण केली.
बंद पडलेली, हिरव्या पाण्याने काठोकाठ.
"आपल्या लोकांना जवळचं वाटेल," म्हणाले.
मास्तर डिचोलीचे. आमच्या वाड्यावरचं त्यांना काय माहीत.
कुणी काही बोललं नाही.
दीपराज बांधलेलीच नाडी पुन्हा बांधत राहिला.

मी तोतरा. म्हणून माझ्याकडे वही.
कुजबुजताना मी अडखळत नाही,
हे मास्तरांच्या आधी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं,
माझ्यासुद्धा.

तालमी शाळेच्या हॉलमध्ये.
गजांवर अजून ट्रकांच्या दिवसांतली तांबडी धूळ.
मेलरॉयचं मराठी
चर्चच्या ओल्या पायऱ्या उतरल्यासारखं, प्रत्येक शब्दावर पाय चाचपत.
कुंदन मिशी काढायला तयार नाही,
मिशी म्हणजे अकरा केस.
आणि तन्वेश, ज्याला सर्वांत कमी वाक्यं,
रोज सर्वांत आधी येऊन खाटा लावायचा.
सातवी भिंतीला समांतर, चादर ताणून,
उशीवर एक खळगा, मुठीने केलेला.

एका शब्दापाशी मास्तर हरले होते.
*ब्ले.*
बुडणारा काठावरच्यांना ओरडून सांगतो तो शब्द.
त्या भाषेत त्याचा अर्थ राहा,
आणि त्याचाच अर्थ आनंदी.
वहीच्या समासात मास्तरांच्या पेन्सिलीने:
"आपल्याकडे ही दोन एका शब्दात राहत नाहीत."
शेवटी त्यांनी 'थांबा' लिहिलं. मग खोडलं.
मग पुन्हा 'थांबा'.

साखळीचं रवींद्र भवन. स्पर्धेची सहावी संध्याकाळ.
तिसऱ्या रांगेत उगमची आई.
तिला कोण घेऊन आलं कुणास ठाऊक.
दोन वर्षांपूर्वी खाणीतून पाण्याचा पंप आणून
उगमला वर काढला, तेव्हा तिने
फक्त त्याचं शर्ट कुठे आहे एवढंच विचारलं होतं.
शर्ट मिळालं नव्हतं.

दुसरा अंक. तन्वेशचं वाक्य:
*मला काही दिसलं नाही, काळोख होता.*
तो खाटेपाशी उभा. गप्प.
मी कुजबुजलो, मला काही.
गप्प.
मला काही दिसलं.
त्याने माझ्याकडे बघितलं, विंगेच्या काळोखात,
नेमकं माझ्या डोळ्यांत,
आणि मी वही मिटली.
का मिटली ते मला आजही सांगता येणार नाही.

"हांव थंय आशिल्लों," तो म्हणाला.
घरच्या भाषेत. जेवायला बोलावतात त्या आवाजात.
मग दीपराज: "हांवूय."
मग कुंदन काहीच न बोलता
त्या सातव्या खाटेवर बसला,
आणि चादरीला घडी पडली.

पाठीमागे कुठेतरी खुर्ची वाजली.
दिव्यांवरच्या माणसाला वाटलं, हे असंच आहे.
त्याने ठरल्याप्रमाणे निळा प्रकाश टाकला.
मेलरॉयने पुढचं वाक्य घेतलं, खणखणीत,
एकदाही पाय न चाचपता,
आणि नाटक कसंबसं संपलं.

परीक्षकांचा शेरा नोटीस बोर्डावर लागला:
*दुसऱ्या अंकात एका पात्राने संहिता सोडली.
भाषेची एकवाक्यता राखली गेली नाही.*
नेपथ्याला उत्तेजनार्थ.

उगमची आई बाहेर पायऱ्यांपाशी उभी होती.
तन्वेश रंग पुसून आला तशी ती पुढे झाली,
आणि त्याच्या अंगातलं नाटकाचं शर्ट
खांद्याच्या शिवणीपाशी दोन बोटांनी धरून बघितलं,
बराच वेळ,
मापाचं आहे का बघतात तसं.
"राव," ती म्हणाली.
म्हणजे थांब. एवढंच. दुसरा अर्थ
आमच्याही भाषेत नाही.

वही माझ्याकडेच राहिली.